चित्रफितीतील माणसे मोजताना

विवाहाचा सुवर्णमहोत्सव असो वा वडिलांची पंचाहत्तरी, अशा समारंभात कुटुंबाची चित्रफीत दाखविण्याची प्रथा आता लहान गावांतही रुळली आहे. जुनी छायाचित्रे एकामागून एक पडद्यावर येतात, मागे गाणे वाजत असते आणि पाच-सहा मिनिटांत पन्नास वर्षे सरतात. पाहुणे कौतुक करतात, ज्यांच्यासाठी हे सारे केलेले असते ते दांपत्य चष्मा पुसते. प्रथा चांगली आहे. ती पार पाडण्याची जी रीत पडली आहे, तिच्याविषयी मात्र तसे म्हणवत नाही. समारंभाला आठ दिवस उरले की संगणक जाणणाऱ्या एखाद्या पुतण्यावर काम सोपविले जाते. तो बिचारा मोबाईलमध्ये सापडेल ते गोळा करतो, तयार साच्यात भरतो आणि एखादे लोकप्रिय गाणे जोडून मोकळा होतो. परिणामी केक कापण्याची व सहलींची छायाचित्रे विपुल, आणि ज्या काळात तो संसार प्रत्यक्ष उभा राहिला त्या काळाची जेमतेम चार-पाच, असा प्रकार होतो.

सांगली जिल्ह्यातील एका व्यापारी कुटुंबाने हे काम निराळ्या पद्धतीने केले. दांपत्याचा विवाह १९७४ सालचा. समारंभाला सहा महिने अवकाश असतानाच थोरल्या नातवाने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. तीत तीन अल्बम, बिस्किटांच्या डब्यात सुटी छायाचित्रे आणि स्टुडिओच्या कागदी पाकिटांत निगेटिव्हच्या पट्ट्या निघाल्या. एकूण चारशेच्या वर छायाचित्रे, त्यांतून साठ निवडावयाची होती. नातू वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. त्याने निवडलेल्या साठांची यादी केली आणि शेजारी दुसरा तक्ता आखला: घरातील प्रत्येक माणूस किती छायाचित्रांत आहे? थोरला मुलगा सत्तावीस, दुसरा एकोणीस, थोरली मुलगी चौदा. धाकटी मुलगी तीन, आणि त्यांतील दोन तिच्या स्वतःच्या विवाहातील.

यात कोणाचा पक्षपात शोधण्याचे कारण नाही. त्या काळी मध्यमवर्गीय घरांत असे तो बहुधा अग्फा क्लिक थ्रीसारखा साधा कॅमेरा. १२० क्रमांकाच्या एका रोलवर बाराच छायाचित्रे निघत. रोल, तो धुणे आणि प्रती काढणे असा प्रत्येक वेळी तिहेरी खर्च. पहिल्या अपत्याचे बारसे, पहिला वाढदिवस, पहिली पावले यांवर तो हौसेने झाला. चौथ्याच्या वेळी घरात माणसे वाढली होती, दुकानाचा व्याप वाढला होता आणि कॅमेरा कपाटातच राहिला. बहुतेक घरांतील धाकट्या भावंडांची हीच कथा आहे. पडद्यावर मात्र ही कारणे दिसत नाहीत. तेथे दिसते ती केवळ संख्या, आणि जिची ती असते तिला ती मोजल्यावाचून कळते.

म्हणून निवड पक्की करण्यापूर्वी असा तक्ता करणे हे चित्रफितीच्या तयारीतील सर्वांत आवश्यक काम मानावयास हवे. तक्त्यात फक्त मुले नकोत. सुना, जावई, माहेरची माणसे आणि ज्यांच्या घरी राहून शिक्षण झाले ते मामा-मावशी हेही हवेत. आपल्याकडील बहुतेक चित्रफिती वडिलांच्या घराण्याच्याच असतात. जिचा सुवर्णमहोत्सव साजरा होत आहे त्या गृहिणीची विवाहापूर्वीची वीस वर्षे एका छायाचित्रातही आलेली नसतात. तिच्या भावाच्या घरी एखादा फोन केला असता तर कदाचित शाळेतील समूहचित्र मिळाले असते. तो फोन कोणी करीत नाही, कारण तो करावयाचा आहे हे कोणाच्या ध्यानातच येत नाही.

उणे कोण आहे हे कळल्यावर शोध कोठे घ्यावा? शाळेची वार्षिक समूहचित्रे, मैत्रिणींच्या विवाहांचे अल्बम आणि सासरची कपाटे ही पहिली स्थाने. जुने परीक्षा प्रवेशपत्र, ओळखपत्र, बँकेचे पासबुक यांवरील छोटे छायाचित्रही कामास येते, मग त्यावर गोल शिक्क्याची कड उमटलेली का असेना. पण खरा ठेवा असतो तो निगेटिव्हमध्ये. खर्च वाचविण्यासाठी पुष्कळदा रोलमधील निवडक चौकटींच्याच प्रती काढल्या जात, उरलेल्या चौकटी पाकिटात तशाच राहत. पट्टी कडेने धरून खिडकीच्या उजेडात पाहिली की कोण कोठे उभे आहे याचा अंदाज येतो, आणि निगेटिव्ह स्कॅन करून देणारे स्टुडिओ शहरांतून अजून आहेत. वरील कुटुंबात धाकटी मुलगी अशीच सापडली. कोणाच्या तरी साखरपुड्याच्या रोलमध्ये कधीही न छापलेल्या दोन चौकटी होत्या. एकीत ती हातात पेढ्यांचे ताट घेऊन दाराशी उभी आहे, दुसरीत तेच ताट रिकामे आहे आणि ती हसते आहे. त्या चौकटी पूर्वी का छापल्या गेल्या नाहीत, हे उघड आहे. साखरपुडा तिचा नव्हता.

दुसरे काम नावांचे, आणि ते याहून निकडीचे. छायाचित्र आणखी दहा वर्षांनीही स्कॅन करता येईल. त्यातील माणसे ओळखणारी व्यक्ती तोवर असेलच असे नाही. प्रत्येक विस्तारित कुटुंबात अशी एखादी आत्या, काकू किंवा मोठी चुलतबहीण असते, जिला तीन पिढ्यांची नाती मुखोद्गत असतात. त्यांच्याकडे मोबाईलमधील बारीक चित्रे घेऊन जाऊ नये. जाड पुठ्ठ्यावर मोठ्या प्रती लावून न्याव्यात, सकाळची वेळ निवडावी आणि एका बैठकीत पंधरा-वीसपेक्षा अधिक दाखवू नयेत. मोबाईलचे ध्वनिमुद्रण सुरू करून तो बाजूला ठेवावा. ‘हे अमुक ना?’ असे विचारू नये, ‘हे कोण?’ असे विचारावे. वृद्ध माणसे सुचविलेल्या नावाला भिडेपोटी होकार देतात आणि चुकीची नोंद कायमची होऊन बसते.

नातू ज्या थोरल्या आक्कांकडे गेला, त्या त्याच्या आजोबांच्या वडील भगिनी, वय चौऱ्याऐंशी. तीन छायाचित्रांत मागच्या बाजूला एक कृश गृहस्थ होते. धोतर, काळी टोपी, खिशाला पेन. घरात कोणालाच ते ठाऊक नव्हते. कोणी पाहुणा असावा असे समजून एका चित्रात त्यांची बाजू कापून टाकण्याचेही ठरले होते. आक्कांनी भिंग लावून पाहिले आणि म्हणाल्या, “आरं, हे आपलं दिवाणजी! तुझ्या बापाला शाळंत घालाया हेच गेलतं. तुझं आजोबा त्या दिवशी सौद्याला.” दुकानाच्या खतावण्या या गृहस्थांनी तीस वर्षे लिहिल्या होत्या. ज्या चित्रातून ते वगळले जाणार होते, त्यात त्यांच्या हाताला धरून पाटी-दप्तर घेतलेला मुलगा उभा होता, म्हणजे नातवाचे वडील. ते चित्र चित्रफितीत आले, कापल्यावाचून आणि दिवाणजींच्या नावासह.

अशा रीतीने मिळालेली नावे लगेच नोंदवावीत. छायाचित्राच्या मागे लिहावयाचे तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला आणि दाब न देता. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूस उमटतो, शाई कालांतराने पाझरते. त्याहून चांगले म्हणजे प्रत्येकाला क्रमांक देऊन वहीत नोंद ठेवावी: क्रमांक, वर्ष, स्थळ, डावीकडून उजवीकडे नावे, मूळ प्रत कोणाची. संगणकातील नावही वर्षापासून सुरू करावे, उदाहरणार्थ १९७४-०१, म्हणजे क्रम आपोआप लागतो. वर्ष ठाऊक नसेल तर खुणा शोधाव्यात. चौकोनी कृष्णधवल प्रत बहुधा १२० रोलच्या कॅमेऱ्याची असते, मागे स्टुडिओचा शिक्का असतो, भिंतीवर दिनदर्शिका लटकत असते आणि कडेवरच्या मुलाचे वय तर घरच्यांना सांगताच येते. पुढील काळातील प्रतींच्या कोपऱ्यात नारिंगी अंकांत छापलेल्या तारखेवर मात्र विसंबू नये. पुष्कळांनी त्या कॅमेऱ्याचे घड्याळ कधी लावलेलेच नसे.

यंत्राचा भाग त्या मानाने सोपा आहे. पूर्ण एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू मावतात. साडेतीन बाय पाच इंचांची प्रत ३०० डीपीआयवर स्कॅन केली तर १०५० बाय १५०० बिंदू मिळतात, म्हणजे आडव्या चित्राची रुंदी पडद्याला पुरत नाही. तीच प्रत ६०० वर घेतली की २१०० बाय ३००० होतात आणि एखादा चेहरा जवळ आणण्यासही वाव राहतो. सव्वादोन इंचांची जुनी चौकोनी प्रत असेल तर १२०० घ्यावे. स्कॅनर नसल्यास मोबाईलने छायाचित्राचे छायाचित्र घेता येते, पण खिडकीजवळच्या सावलीत, फ्लॅशशिवाय आणि मोबाईल प्रतीशी समांतर धरून. नातेवाइकांकडून मागविताना व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठविल्यास चित्र दाबले जाऊन बारकावे जातात, म्हणून ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविण्यास सांगावे. हे एवढे वाक्य कुटुंबाच्या समूहात आधीच लिहून टाकल्यास पुढचा पुष्कळ मनस्ताप वाचतो.

चिकट पानांच्या अल्बममधील छायाचित्रे ओढून काढू नयेत. गोंद वाळून प्रत पानाला धरून बसलेली असते. दात स्वच्छ करण्याचा बारीक दोरा प्रतीखालून करवतीसारखा हलके सरकवला तर बऱ्याचदा ती सुटते. न सुटल्यास पानासह स्कॅन करावी. फ्रेमच्या काचेला चिकटलेले छायाचित्रही काचेसकटच स्कॅन करावे, ते सोडवण्याच्या प्रयत्नात चेहराच काचेवर राहतो. १९७०-८० च्या दशकांतील रंगीत प्रती तांबूस झालेल्या आढळतात, त्या संगणकावर बऱ्याच सुधारतात. कृष्णधवल प्रती चांदीच्या कणांच्या असल्यामुळे अधिक टिकल्या आहेत. गुळगुळीत चेहरे करून देणाऱ्या नव्या साधनांपासून मात्र दूर राहिलेले बरे. त्यांनी सुधारलेली आजी पुष्कळदा दुसऱ्याच कोणाची आजी दिसते.

आता अवघड भागाकडे वळावयाचे. विभक्त झालेली सून जुन्या समूहचित्रांत असते. संगणकावर तिला कापून काढणे एका बोटाचे काम आहे, आणि सल्लाही बहुधा तोच मिळतो. एका घरातील चित्रफितीत नातवाच्या पहिल्या वाढदिवसाचे चित्र असे कापलेले होते. आई गेली होती, परंतु मुलाच्या खांद्यावर बांगड्यांचा एक हात तेवढा राहिला होता. तो मुलगा आता अकरा वर्षांचा आहे आणि पहिल्या रांगेत बसून पाहत होता. विवाहातील जोडीची छायाचित्रे वगळावीत, हे समजण्यासारखे आहे. समूहचित्रे मात्र घ्यावयाची तर अखंड घ्यावीत, नाही तर घेऊच नयेत. आणि ती घेण्यापूर्वी त्या मुलाशी बोलावे, मूल लहान असल्यास त्याच्या वडिलांशी.

घरातील एखाद्या कन्येने दीक्षा घेतली असल्यास तिचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. भावंडांसमवेतची तिची बालपणीची छायाचित्रे दाखवावीत की नाही, याबाबत घराघरांत मतभिन्नता आहे, आणि ज्येष्ठांना विचारल्याशिवाय नातवंडांनी ते परस्पर ठरवू नये. दाखवावयाचे ठरले तर दीक्षेनंतरचे चित्र केक आणि नृत्य यांच्यामध्ये येऊ नये. त्यावर उडती-फिरती योजना नको, खाली चित्रपटगीत नको. संगीत थांबवून ते काही क्षण स्थिर ठेवावे, एवढी मर्यादा पुरे आहे. दिवंगतांच्या बाबतीतही हार घातलेल्या चित्राऐवजी काम करतानाचे, हसतानाचे चित्र घ्यावे. करुण बासरी वाजविण्याचा मोह टाळावा. आनंदाच्या प्रसंगी पाहुण्यांना रडविण्यात कसली आली कुशलता?

संगीताचा विचार साधारणपणे शेवटी केला जातो, तो निदान वेळेच्या हिशेबासाठी तरी आधी करावा. एका व्यक्तीच्या चित्राला पाच सेकंद पुरतात. समूहचित्राला आठ-नऊ लागतात, कारण पाहणारा प्रथम स्वतःला शोधतो आणि मग इतरांना. पन्नास साधी व दहा समूहचित्रे धरली तर २५० आणि ९० मिळून ३४० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे चाळीस सेकंद होतात. दोन गाण्यांचे भाग त्यात बसतात, तिसरे घुसडू नये. गाणी कोणाच्या आवडीची? चित्रफीत करणाऱ्याच्या नव्हे, हे सांगावे लागते याचे नवल वाटते. त्या दांपत्याने विवाहानंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांत रेडिओवर काय ऐकले, हे त्यांनाच गप्पांच्या ओघात विचारावे. शब्द असलेल्या गाण्यावर मध्येच नावांची पट्टी वाचवत नाही, म्हणून नावे असलेल्या भागापुरते सनईचे किंवा सतारीचे मंद वादन योग्य. प्रारंभी णमोकार मंत्र घ्यावयाचा असेल तर पडदा कोरा किंवा चित्र स्थिर असावे आणि मंत्र पूर्ण व्हावा. वेळ साधण्यासाठी तो मध्येच तोडलेला ऐकवत नाही.

घरातील कॅसेटी तपासल्याशिवाय बाजारातील संगीताकडे वळू नये. १९८० च्या दशकात टेपरेकॉर्डर घरोघर आला तेव्हा मुलांच्या कविता, आजीच्या अंगाई, आजोबांचे स्तवन हौसेने ध्वनिमुद्रित केले गेले. अशी कॅसेट सापडल्यास उत्साहाने लगेच लावू नये. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती जाणकाराकडे द्यावी. फीत ढिली असल्यास चक्रात पेन्सिल घालून हळूच ताणून घ्यावी. वेगाने पुढे-मागे करू नये, आणि पहिल्याच वेळी ती वाजत असताना तारेने संगणकाशी जोडून उतरवून घ्यावी, कारण जुनी फीत दुसऱ्यांदा वाजेलच याची हमी नसते. आवाज खरखरीत आला तरी बिघडत नाही. चाळीस सेकंदांची आजीची अंगाई असेल तर तिच्याखाली दुसरे कोणतेही वाद्य घालू नये.

कायद्याचीही थोडी माहिती असावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. गीताचे शब्द व चाल यांवरील हक्क मात्र गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे चालतो. तेव्हा गाणे जुने आहे एवढ्यावरून ते मुक्त झाले असे धरून चालू नये. घरच्या मंडळींपुरत्या दाखवण्यात सहसा प्रश्न उद्भवत नाही. अडचण येते ती चित्रफीत यूट्यूबवर चढविल्यावर. तेथील यंत्रणा गाणे ओळखते आणि आवाज बंद करू शकते किंवा चित्रफीतच अडवू शकते. परदेशातील नातेवाइकांना दुवा पाठवावयाचा असेल तर घरातील आवाजांची वेगळी प्रत करून ठेवावी. याच कायद्यातील आणखी एक तरतूद फारशी ठाऊक नसते: मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, उलट करार नसल्यास, ते काढून घेणारा असतो. म्हणजे आजोबांनी पैसे मोजून स्टुडिओत काढून घेतलेल्या छायाचित्राची प्रत नातवाने करून घेण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

प्रत्यक्ष दाखवण्याविषयी एक सूचना. आपल्याकडील भोजने सूर्यास्तापूर्वी आटोपत असल्याने समारंभ बहुधा दिवसा होतो, आणि कार्यालयांच्या मोठ्या खिडक्यांतून येणाऱ्या उजेडात प्रोजेक्टरवरची जुनी कृष्णधवल चित्रे पुसट होऊन जातात. आदल्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी चाचणी घ्यावी. पडदे लावूनही भागत नसेल तर एलईडी पडदा किंवा मोठा दूरदर्शन संच भाड्याने घ्यावा. चित्रफीत पेनड्राइव्हवर आणि लॅपटॉपवर अशी दोन्हीकडे असावी. ज्येष्ठांची आसने पडद्याच्या समोर, ध्वनिक्षेपकापासून दूर.

समारंभ संपल्यावर स्कॅन केलेली सर्व छायाचित्रे, निवडलेली साठच नव्हेत, प्रत्येक भावंडाला द्यावीत आणि एक संच दुसऱ्या गावातील घरी ठेवावा. नावांची वही छापून कागदावरही ठेवावी. वरील कुटुंबात अंतिम तक्त्यात धाकट्या मुलीचा आकडा तीनवरून अकरावर आला होता. तिने चित्रफितीची प्रत मागितली नाही, ताटाच्या त्या दोन चौकटींची मागितली. नातेवाइकांकडून आणलेले मूळ अल्बम नातवाने महिन्याभरात ज्याचे त्याला परत केले आणि वहीत पोच म्हणून प्रत्येकाची सही घेतली. आक्कांनी सही करण्यापूर्वी पाने मोजून घेतली.